बॅटरीचे वय कोण मोजतो? तारयंत्रापासून स्मार्टफोनपर्यंत, खान्देशच्या उन्हातून

१/
मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ ८४ टक्के’ असा एक आकडा आता अनेकांना दिसतो. पडद्याच्या कोपऱ्यातील चार्जिंगच्या टक्क्यांहून तो निराळा आहे. कोपऱ्यातला आकडा घडा आज किती भरला आहे ते सांगतो. हा दुसरा आकडा घडाच किती लहान झाला आहे ते सांगतो. मोबाइलधारकाला हा आकडा दिसू लागला तो अगदी अलीकडे. त्याआधी बॅटरीचे वय कोण मोजत होते, ते मोजमाप सामान्य माणसाच्या हातून कसे निसटले आणि जळगाव-धुळ्याच्या उन्हात त्याचा अर्थ का बदलतो, याचा हा धागा.

२/
सुरुवात तारेपासून करावी लागते. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५४ साली कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. फेब्रुवारी १८५५ पासून ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पुढे १८६० च्या दशकात लोहमार्ग खान्देशात आला आणि चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या स्थानकांवर तारयंत्रांची कटकट सुरू झाली. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी १९०६ साली झाली. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव, तर पश्चिम खान्देश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार.

३/
त्या काळी या भागात वीजकेंद्र नव्हते. तारेला लागणारी वीज तारघरातच, भांड्यांत तयार होई. भारतीय तारखात्यात मिनोटो पद्धतीचा विद्युतघट मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. डॅनियल यांनी १८३६ साली केलेल्या घटाचाच तो एक साधा अवतार. तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे निळे खडे, मग वाळूचा किंवा लाकडी भुशाचा थर आणि सर्वांत वर जस्ताची चकती. जस्त झिजे, मोरचूद संपत जाई. घट किती उरला आहे, हे झाकण उघडून डोळ्यांनी पाहता येत असे. बॅटरीचे वय उघड्या भांड्यात दिसत होते.

४/
पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्तों प्लाँते यांनी केली. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही जोडी आजही ट्रॅक्टर, मोटार आणि इन्व्हर्टरमध्ये आहे. रेल्वेच्या डब्यांतही ती आली. चाकाच्या आसाला जोडलेला डायनामो गाडी धावताना वीज तयार करी आणि गाडी स्थानकात उभी असताना डब्याखालच्या पेट्यांतील बॅटऱ्या दिवे जळते ठेवत. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनावर गाड्या थांबत, तेव्हा प्रवाशांना मिळणारा उजेड या पेट्यांचा असे.

५/
या बॅटरीची तब्येत पाहण्याचे साधन म्हणजे हायड्रोमीटर. काचेची नळी, वर रबरी फुगा आणि आत तरंगणारी खुणांची काडी. बॅटरीतले आम्ल नळीत ओढायचे आणि काडी किती वर तरंगते ते पाहायचे. मोटारीची भरलेली बॅटरी असेल तर आम्लाची सापेक्ष घनता साधारण १.२५ च्या वर दिसते. बॅटरी उतरत गेली की आम्ल पातळ होते आणि काडी खाली बसते. हे झाले चार्जिंगचे मोजमाप. मात्र रात्रभर चार्ज करूनही एखाद्या खान्याची घनता वर चढतच नसेल, तर तो खाना म्हातारा झाला असे अनुभवी कारागीर ओळखी.

६/
अधिक काटेकोर पद्धतही होती आणि ती आजही प्रमाण मानली जाते. बॅटरी पूर्ण भरायची, तिच्यावर ठरावीक भार लावायचा, व्होल्टेज ठरलेल्या खालच्या पातळीवर येईपर्यंत घड्याळ पाहायचे. प्रवाह गुणिले तास म्हणजे क्षमता. १०० अँपिअर-तासांची बॅटरी ७० अँपिअर-तासांतच दमली, तर तिची क्षमता ७० टक्के उरली. जोराने वीज ओढली की बॅटरी कमी भरते हेही लक्षात आले होते. शिशाच्या बॅटरीसाठी त्याचे गणिती सूत्र जर्मनीच्या विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ साली मांडले.

७/
या सगळ्या काळात एक गोष्ट समान होती. बॅटरी उघडता येत होती आणि मोजणारे साधन वापरणाऱ्याच्या गावात होते. बाजारपेठेतल्या बॅटरीच्या दुकानात शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आला, तर दुकानदार त्याच्यासमोर सहाही झाकणे उघडी, प्रत्येक खान्यात नळी बुडवी आणि कोणता खाना गेला ते दाखवी. निदान दोघांच्या डोळ्यांसमोर होत असल्याने त्यावर वाद घालता येत असे.

८/
मग लिथियम आले. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचे १९७० च्या दशकातील संशोधन, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये सुचवलेले कोबाल्ट ऑक्साइड आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये घडवलेला नमुना यांतून लिथियम-आयन बॅटरी साकारली. सोनी कंपनीने १९९१ साली ती बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅटरी हलकी झाली, खिशात मावू लागली आणि पूर्णपणे बंदिस्तही झाली. तिला झाकण नाही, तिच्यात पाणी घालायचे नाही आणि हायड्रोमीटर बुडवायला जागाही नाही.

९/
बंद डबीत म्हातारपण दोन वाटांनी येते. पहिली वाट सायीसारखी. ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर पहिल्याच चार्जिंगपासून एक सूक्ष्म थर धरतो. हा थर आवश्यक असतो, कारण तो आतल्या रसायनांचे रक्षण करतो. पण दुधावरच्या सायीप्रमाणे तो हळूहळू जाड होतो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. क्षमता घटते ती मुख्यतः यामुळे. फोन वापरात नसला, कपाटात पडून असला, तरी साय धरणे थांबत नाही.

१०/
दुसरी वाट खान्देशातल्या केळी-बागायतदाराला समजावून सांगावी लागत नाही. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की विहिरीत पाणी असूनही शेवटच्या झाडापर्यंत ते पोहोचत नाही. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो तेव्हा असेच होते. आत ३० टक्के वीज शिल्लक असते, पण कॅमेरा उघडताच फोन एकदम जास्त प्रवाह मागतो, व्होल्टेज कोसळते आणि फोन बंद पडतो. विहीर गाळाने भरणे आणि नळी क्षाराने चोंदणे हे दोन वेगळे आजार आहेत. ‘हेल्थ’चा एकच टक्का बहुधा पहिल्याच आजाराविषयी बोलतो.

११/
मोबाइलच्या पहिल्या पर्वात तरी बॅटरी काढता येत होती. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि फोन हळूहळू गावोगावी पोहोचला. त्या काळी दुकानदाराची परीक्षा सोपी होती. बॅटरी काचेच्या काउंटरवर ठेवायची आणि बोटाने फिरवायची. भोवऱ्यासारखी फिरली, तर ती मधोमध फुगली आहे, बदला. सपाट बसून राहिली तर चालेल. रोधाचे किंवा क्षमतेचे माप यात नव्हते, पण निवाडा पुन्हा एकदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होत होता.

१२/
१४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबाबत सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४.६ कोटी बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापण्याची शक्यता होती. भारतात नोकियाचे फोन घरोघरी असल्याने मोठी घबराट पसरली. लोकांनी मागचे झाकण काढून बॅटरीवरचा क्रमांक तपासला. बॅटरी हाताशी असल्यामुळेच हे शक्य झाले. पुढील दहा वर्षांत फोन पातळ झाले, मागचे झाकण चिकटवले गेले आणि ती सोय संपली.

१३/
याच काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाचे दिवस होते. २००५ नंतरची काही वर्षे खेड्यांत १२ तासांहून अधिक काळ वीज नसे. वीज आली की फोन चार्जिंगला लावायचा, मग तो भरला तरी काढायचा नाही, कारण पुन्हा वीज कधी येईल याचा भरवसा नाही, ही सवय तेव्हाची. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्णतेत पडून राहणे सर्वांत जास्त बाधते. गरजेतून लागलेली ही सवय बॅटरीचे वय वाढवत होती, आणि ते वय दाखवणारे काहीही फोनच्या पडद्यावर नव्हते.

१४/
मोजमाप मात्र थांबले नव्हते. ते एका चिपमध्ये गेले होते. १९९४ च्या सुमारास इंटेल आणि ड्युरासेल यांनी लॅपटॉपसाठी ‘स्मार्ट बॅटरी’चे मानक पुढे आणले. बॅटरीने स्वतःच आपली मूळ क्षमता, आजची पूर्ण क्षमता आणि चार्जिंगच्या आवर्तनांची संख्या नोंदवून यंत्राला कळवावी, ही त्यामागची कल्पना. मोबाइलमध्येही असे ‘फ्युएल गेज’ परिपथ आले. म्हणजे फोनला आपल्या बॅटरीच्या वयाचा अंदाज होता. मालकाला तो सांगितला जात नव्हता, एवढेच.

१५/
ही चिप करते ते पाटकऱ्याचे काम. कालव्यातून किती पाणी गेले हे तो जसे नोंदवतो, तसे ती एका अतिसूक्ष्म रोधातून जाणारा प्रवाह क्षणोक्षणी मोजून बेरीज करते. समजा फोनची मूळ क्षमता ५००० मिलीअँपिअर-तास आहे. २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करताना आत २४६० मिलीअँपिअर-तास गेले. हा ६० टक्के हिस्सा. २४६० भागिले ०.६ म्हणजे ४१००. मूळ ५००० च्या तुलनेत ही क्षमता ८२ टक्के. स्मार्टफोनवरची बॅटरी मोजणारी बहुतेक ॲप्स हाच हिशेब करतात.

१६/
हिशेब सोपा, पण त्यात तीन खाचा आहेत. एक, २० आणि ८० हे आकडे स्वतःच अंदाज असतात. म्हणून एका चार्जिंगवरून निष्कर्ष काढू नये, दहा-बारा नोंदींची सरासरी पाहावी. दोन, थंडीतली आणि उन्हाळ्यातली नोंद एकमेकींशी जुळत नाही. तीन, दुकानात मिळणारा यूएसबी मीटर चार्जरच्या ५ व्होल्टवर मोजतो, तर फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते. दोन्हीकडचे मिलीअँपिअर-तास थेट ताडून पाहणे म्हणजे पायली आणि किलो यांची तुलना करणे. तुलना वॅट-तासांत करावी आणि वाटेत उष्णतेत जाणारी वीजही वजा धरावी.

१७/
चिपमधले गुपित जगासमोर आले ते २०१७ च्या डिसेंबरात. २०१६ पासून काही आयफोन ३०-४० टक्के चार्जिंग असतानाच अचानक बंद पडत होते. कारण वर सांगितलेली चोंदलेली नळी. ॲपलने जानेवारी २०१७ च्या प्रणाली-सुधारणेत यावर उपाय केला. बॅटरी म्हातारी असेल तर प्रोसेसरचा वेग कमी करायचा, म्हणजे एकदम जास्त वीज ओढली जाणार नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने उपाय योग्य होता. मात्र फोन मंद झाला तो बॅटरीमुळे, हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगितले गेले नाही. अनेकांनी फोनच जुना झाला असे समजून नवा घेतला.

१८/
हे उघड कसे झाले, तेही मोजमापाच्या इतिहासातले एक लक्षणीय पान आहे. बॅटरी बदलताच आपला फोन पुन्हा वेगवान झाल्याचे एका ग्राहकाने लिहिले. त्यानंतर वेगचाचणीचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जचे जॉन पूल यांनी १८ डिसेंबर २०१७ रोजी असंख्य फोनांच्या गुणांचे आलेख प्रसिद्ध केले. जुन्या प्रणालीत एकच उंच शिखर होते. नव्या प्रणालीत त्याच्या डावीकडे, म्हणजे कमी वेगाच्या बाजूला, अनेक लहान शिखरे उगवली होती. बॅटरीला हातही न लावता तिचे म्हातारपण आकड्यांत पकडले गेले.

१९/
दोन दिवसांनी ॲपलने ही गोष्ट मान्य केली आणि २८ डिसेंबरला ग्राहकांची क्षमा मागितली. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आला. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये ‘बॅटरी हेल्थ’चा आकडा ग्राहकाला प्रथमच दिसला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. तो दंड वेग कमी करण्याच्या परिणामांची माहिती ग्राहकांना न दिल्याबद्दल होता.

२०/
पुढची पावले कायद्याची. अँड्रॉइडमध्ये २०२३ च्या १४ व्या आवृत्तीपासून आवर्तनांची संख्या आणि बॅटरीची स्थिती वाचण्याची सोय प्रणालीतच आली, जरी ती दाखवायची की नाही हे बराच काळ फोन बनवणाऱ्यावर राहिले. युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार ८०० आवर्तनांनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. एक आवर्तन म्हणजे एकूण १०० टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो वा तीन दिवसांत. बॅटरीची निर्मितीची तारीख, आवर्तने आणि स्थिती वापरणाऱ्याला दिसावी, हेही त्या नियमात आहे.

२१/
आता खान्देशाकडे परतावे. अशा चाचण्या साधारण २० ते २५ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित तापमानात होतात. ॲपलच्याच सूचनेनुसार फोनसाठी उत्तम तापमान १६ ते २२ अंश असून ३५ अंशांच्या वरच्या परिसरात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. जळगाव, भुसावळ, धुळे येथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर जाणे नवे नाही. पत्र्याचे छत किंवा मोटारसायकलच्या हँडलवरचा मोबाइल होल्डर यांचा हिशेब वेगळाच. ‘कायमची घट’ ज्या रेषेपासून सुरू होते, ती रेषा इथला उन्हाळा सकाळीच ओलांडतो.

२२/
उष्णता किती बाधते? रासायनिक क्रिया तापमानाबरोबर कशी वेगावते, याचे सूत्र स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली दिले. ढोबळ नियम असा की, दर १० अंशांमागे वेग सुमारे दुप्पट होतो. बॅटरीतज्ज्ञ इसिडॉर बुकमन यांनी दिलेल्या तक्त्यानुसार, ४० टक्के भरलेली लिथियम बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर ९६ टक्के क्षमता उरते आणि ४० अंशांत ८५ टक्के. पूर्ण भरून ठेवली तर हेच आकडे ८० आणि ६५ होतात. बॅटरी वापरलेली नाही, ठेवली आहे एवढेच.

२३/
या आकड्यांना खान्देशात आर्थिक वजन आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, फोनच्या कॅमेऱ्याने आणि जीपीएसने पिकाची नोंद करायची, ती सातबाऱ्यावर चढते. हमीभावाने कपाशी विकायची असो वा नुकसानभरपाई मागायची असो, ती नोंद लागते. कॅमेरा आणि जीपीएस एकाच वेळी सुरू होणे म्हणजे बॅटरीवर एकदम पडणारा भार. रोध वाढलेला फोन नेमका तिथे, बांधावर, ३० टक्के दाखवत बंद पडतो. हातात जुना किंवा सेकंडहँड फोन असणाऱ्यावर ही वेळ आधी येते, आणि विकत घेताना त्याला बॅटरीचे वय कोणी सांगितलेले नसते.

२४/
रावेर-यावलच्या केळीसाठी हवामानावर आधारित पीकविमा आहे. त्यात तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर सलग काही दिवस राहिले, तर भरपाईचा हक्क उभा राहतो. उन्हाने पिकाचे नुकसान होते, ते मोजता येते आणि त्या मोजणीवर देणे ठरते, हे तत्त्व या जिल्ह्याने जाणले आहे. बॅटरीच्या हमीपत्रात मात्र असे काही नसते. २५ अंशांच्या खोलीत ठरलेले ८०० आवर्तनांचे आयुष्य ४४ अंशांच्या गावात किती उरते, याची नोंद फोनच्या खोक्यावर कुठेही नसते.

२५/
भारतात हालचाल सुरू आहे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारचे ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल आले. मे २०२५ मध्ये सरकारी समितीने मोबाइलसाठी दुरुस्ती-निर्देशांकाची शिफारस केली आणि त्यात बॅटरी हा प्राधान्याचा सुटा भाग धरला. बॅटरीचे वय आणि तिने सोसलेले तापमान मालकाला दाखवणे, हा त्यापुढचा स्वाभाविक टप्पा ठरेल. ही माहिती मोजण्याची साधने फोनमध्ये आजही असतात, कारण चिप प्रवाहाबरोबर तापमानही मोजते.

२६/
तोवर उन्हाळ्यात उपयोगी पडेल असा सारांश. आकडा एकदा पाहून घाबरू नये, महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवावा. मार्च ते जून ही घसरण हिवाळ्यातल्या घसरणीशी ताडावी. तापलेला फोन चार्जिंगला लावू नये आणि थंड करायला फ्रिजमध्येही ठेवू नये, आत दव धरते. दुपारी १०० टक्के भरून उन्हात नेण्यापेक्षा ८० वर थांबावे. फोन मधोमध फुगला असेल तर टक्के न पाहता बॅटरी बदलावी. तारघरातला माणूस झाकण उघडून मोरचुदाचे खडे पाहत होता. बंद डबीच्या काळात त्या निळ्या खड्यांची जागा वहीतल्या या नोंदींना घ्यावी लागेल.

(धागा समाप्त)